दोन ग्रॅमची तूट

आकांक्षाने बाटलीच्या तोंडावर ताणून बसवलेला फुगा उभा धरला, तसा त्यातला खाण्याचा सोडा भुरभुरत खाली व्हिनेगरमध्ये पडला. फेस उसळला. लोंबता फुगा हळूहळू मान वर काढत टम्म झाला. बाटली वजनकाट्यावरच होती.

"बाई, दोन ग्रॅम कमी झाले," ती म्हणाली.

सुचित्राबाईंनी फळ्याकडे पाहिलं. तासाच्या सुरुवातीला त्यांनीच तिथे लिहिलं होतं, की बंद भांड्यात रासायनिक अभिक्रिया झाली तर एकूण वस्तुमान बदलत नाही. आणि आज नेमके मागच्या स्टुलांवर दोन पाहुणे बसले होते. एक मुख्याध्यापक कर्णिक सर, दुसरे आकांक्षाचे वडील, धनेश गावडे.

लालबागच्या या शाळेत नववीला रसायनशास्त्र प्रयोगशाळेतच शिकवायचं, हा सुचित्राबाईंचा हट्ट. गावड्यांची तक्रार होती, की पोरीच्या वहीत नोट्स नाहीत, नुसते प्रश्न आहेत. पुढच्या वर्षी बोर्डाला काय लिहील? कर्णिक सरांनी तोडगा काढला होता. दोघांनी एक तास बघायचा. पटलं नाही, तर सोमवारपासून खडू, फळा आणि नोट्स. पण सकाळी ऑफिसात गावडे एक गोष्ट जास्त बोलून गेले होते.

"घरात काही सांगायची सोय राहिली नाही, मॅडम. काही म्हटलं की 'कशावरून?' विचारते. मग मी पण बोलणंच सोडलं."

सुचित्राबाईंना ती तक्रार जास्त खरी वाटली होती.

"कुठेतरी गळतंय," त्या आता म्हणाल्या. "रबरबँड लावून पुन्हा कर."

आकांक्षाने नवा फुगा घेतला, रबरबँडचे चार वेढे दिले. पुन्हा दोन ग्रॅम कमी.

"बाई, गळत नाहीये."

"कशावरून?"

मागे गावड्यांनी मान वर केली.

आकांक्षाने कोपऱ्यातली बादली ओढली आणि फुग्यासकट बाटली पाण्याखाली दाबून धरली. तिच्या गटातला शंतनु गुडघ्यांवर बसून निरखत राहिला. एकही बुडबुडा आला नाही.

कर्णिक सर खाकरले. "काटा बिघडला असेल. पुस्तकात आहे ते लिहून घ्या, म्हणजे पुढे जाता येईल."

सरांनी सोयीची वाट काढून दिली होती. सुचित्राबाईंनी हातातला खडू खाली ठेवला.

"काटा ठीक आहे, सर, सकाळीच तपासलाय. आकांक्षाचं बरोबर आहे, गळत नाहीये. माझा अंदाज चुकला." मग त्या मुलांकडे वळल्या. "हे दोन ग्रॅम कुठे गेले, मला आत्ता सांगता येत नाही. शोधायचं कसं, ते बोला."

सगळे एकदम बोलू लागले. कुणी म्हणालं, गॅस हलका असतो. कुणी म्हणालं, मग तो फुग्यात भरला काय नि बाटलीत राहिला काय, सारखंच. आकांक्षा बराच वेळ फुग्याकडे बघत होती.

"फुगाच नको," ती म्हणाली. "जे फुगणारच नाही, असं काहीतरी घेऊ."

"कोल्ड्रिंकची बाटली," शंतनु म्हणाला. "जाड असते ती."

सुचित्राबाईंनी सोडा निम्माच घेतला, टिश्यूपेपरच्या पुडीत बांधला आणि व्हिनेगर घातलेली बाटली, झाकण, पुडी सगळं एकदम काट्यावर ठेवलं. स्वतः चष्मा चढवला, मुलांना मागे सारलं, पुडी आत टाकून झाकण घट्ट फिरवलं. आत फेस खदखदला, बाटली दगडासारखी टणक झाली. काट्यावरचा आकडा जागचा हलला नाही.

"म्हणजे गॅसमुळे नाही," आकांक्षा सावकाश म्हणाली. "फुगण्यामुळे काहीतरी होतंय."

त्या क्षणी सुचित्राबाईंना कळलं. फुगलेला फुगा आपल्या आकाराएवढी हवा बाजूला सारतो, आणि पाणी पोहणाऱ्याला उचलतं तशी ती हवा त्याला जराशी उचलून धरते. वस्तुमान गेलेलं नसतंच. काट्यावरचा भार तेवढा कमी होतो. वाक्य ओठांवर आलं होतं. त्यांनी फडकं उचललं आणि ओटा पुसायला घेतला.

घंटा झाली.

"उत्तर सोमवारी," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडून."

मुलं बाहेर पडली. कर्णिक सर काट्यापाशी आले.

"तुम्हाला कळलंय."

"हो, सर. आत्ताच."

"मग सांगितलं का नाहीत?"

"ती पोचेल."

सरांनी टणक बाटली बोटांनी दाबून पाहिली, खाली ठेवली.

"सोमवारी कितवा तास असतो हा?"

"तिसरा."

मान डोलावून ते निघून गेले. गावडे मात्र दारात घुटमळले.

"मॅडम, मला तरी सांगून ठेवा. तिने घरी विचारलं तर काय बोलू?"

"तुम्हीच तिला विचारा ना."

"मी विचारू?" ते स्वतःशीच म्हणाले. मग ते जिना उतरून गेले.

बाटल्या विसळताना सुचित्राबाईंना खिडकीतून फाटक दिसत होतं. बाहेर, रस्त्याच्या कडेला, गावडे दोन्ही हात फुग्यासारखे गोल धरून लेकीला आपला अंदाज सांगत होते. आकांक्षाने पूर्ण ऐकून घेतलं आणि नकारार्थी मान हलवली. ते थांबले, विचारात पडले. मग हातांमधलं अंतर थोडं वाढवून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.