उघडा टाकलेला बांध

बुयागानने पहिला घाव देवावर घातला.

नेमके सांगायचे तर तो देव नव्हता. देव व्हायचा राहून गेलेला ओंडका होता. भाताच्या कोठीत बसवायचा राखणदार गिनिदने तीन पावसाळ्यांपूर्वी कोरायला घेतला होता. गुडघे झाले, पोट झाले, गुडघ्यांवर टेकलेले हात झाले. चेहऱ्यापाशी येऊन काम थांबले, कारण त्याच सुमारास गिनिदला मासे धरायचे पिंजरे विणायची हुक्की आली, आणि पिंजऱ्यांची तोंडे विणायची राहिली असतानाच घराचे छप्पर बदलायची. बुयागानचा कोयता त्या तोंड नसलेल्या मानेत रुतला, उपसला गेला, पुन्हा रुतला. इफुगावच्या डोंगरांतल्या त्या उतारावर राखणदाराला धक्का लावणाऱ्याचे हात झडतात असे मानणारी माणसे राहतात. पण डुकराचे रक्त माखून त्याला जागे करेपर्यंत तो निव्वळ सरपण असतो, हेही त्यांना पक्के ठाऊक असते.

"पाप लागंल म्हनून बघतोस व्हय रं?" बुयागान ओरडला. "आर्ध्या देवाचं पाप लागत नसतंय! तुझ्या हातचं हाय म्हंजी जळनच!"

"बुयागान, ऐक तरी," गिनिद शिडीवरून उतरत म्हणाला. "आजच लागनार होतो मी बांधाला. आगदी आजच—"

दुसरा घाव त्याच्या दंडावर बसला. मांस उघडे पडले, आणि आतून रक्त येण्याआधी क्षणभर ते पांढरे दिसले. तिसरा घाव बसला नाही, कारण गिनिदची बायको इम्माया भात कांडता कांडता मुसळ घेऊनच मागून आली आणि ते तिने बुयागानच्या पाठीत घातले. तो तोंडावर पडला. तिने पुन्हा घातले.

"माझा नवरा बिनकामाचा हाय," ती धापा टाकत म्हणाली, "पर त्येला मारायचा आसंल तर माझा लंबर पयला."

या रक्तपाताचे कारण खाली, बुयागानच्या खाचरात पडले होते.

गिनिदचे खाचर वर, बुयागानचे खाली. मध्ये दोन पुरुष उंचीचा दगडी बांध. त्या बांधाचे पोट सुटले होते. पोट सुटलेला बांध दुरुस्त करायचा तर वरून दगड उतरवत फुगाऱ्यापर्यंत जायचे आणि पुन्हा रचत वर यायचे. सूर्य मावळायच्या आत बुजवता येईल तेवढाच बांध सकाळी उघडायचा, हे तिथे शेंबड्या पोरालाही सांगावे लागत नाही. गिनिदने एका सकाळीत सात वाव बांध उघडला. दोन्ही हात पसरले की एक वाव, असे सात. उत्साह हा त्याच्या अंगचा सर्वांत घातक गुण होता. दुपारी कोणीतरी सांगत आले की ओढ्याकाठी मोठे झाड पडले आहे, कोरायला लाकूड झकास आहे. गिनिद नुसते बघून यायला गेला. बघून आला तेव्हा काळोख पडला होता आणि समोरच्या डोंगराच्या धारेवरून आपो पुगुओन, गावचा पूजा सांगणारा म्हातारा, झांज बडवत ओरडत होता, "उद्या मनाई! परवा मनाई! शिवारात कुनी पाय घालू नगा!"

मनाईच्या दिवशी माती हलवायची नाही, दगडाला हात लावायचा नाही. लावला तर साऱ्या गावाच्या भाताला कीड लागते. ती मनाई लोंब्यांत दाणा भरला की येते, दरवर्षी येते, आणि लोंब्यांत दाणा भरला आहे हे आंधळ्यालाही बोटांनी कळते. गिनिदला ते कळले होते. त्याने हिशेब केला नव्हता इतकेच. मग दोन दिवस पाऊस कोसळत असताना तो छपराखाली बसून मोठ्या निष्ठेने धर्म पाळत राहिला. काम अर्धवट टाकणाऱ्यांना धर्माची अशी मदत नेहमीच होते. दुसऱ्या दिवशी दुपारी सात वाव बांध, त्यामागची माती आणि वरचे उभे भात एकदम बसले आणि बुयागानच्या अर्ध्या पिकावर जाऊन झोपले.

आपो पुगुओनने दोघांना खाचराच्या कडेला उभे केले. गिनिदचा दंड झाडाच्या सालीने बांधला होता. बुयागान वाकूनच उभा होता.

"पायाचं दगडसुदिक गेलं, आपो," बुयागान म्हणाला. "शीव कुठनं व्हती त्ये आता कोन सांगनार? माझा बा सांगायचा, शीव आजून दोन पावलं वर व्हती."

"तुझा बा मेल्यावर लई बोलाया लागला," इम्माया म्हणाली.

"गप ऱ्हा गं." आपोने सुपारी थुंकली. "शीव हारवली की कुस्ती. पाच जागी धरायचं. जो जिथं पडंल तिथं खुटी. पुरवज बघत्यात, त्येंला खरं ठावं आसतंय." मग तो गिनिदकडे वळला. "आन् तू. लोंब्या बघून सांगतो, कापनीआधीची मनाई दहाव्या दिशी लागंल. नऊ दिस हायती. नवव्या दिशी सूर्य बुडायच्या आत बांध उभा दिसला न्हाई, तर वरचं सगळं खाचर बुयागानचं. ज्येला पानी आडवता येत न्हाई, त्येचं खाचर कसलं?"

गिनिदकडे दुसरे खाचर नव्हते. खाचर गेलेला माणूस डोंगरावर रताळी लावतो, आणि रताळी खाणाऱ्याच्या घरी त्या गावात कोणी पाणीही पीत नाही.

कुस्ती चिखलात झाली. दोघांनी एकमेकांच्या लंगोटाला हात घातले आणि कपाळे भिडवली. गिनिद ताकदीने दुप्पट होता. पहिल्याच झटक्यात त्याने बुयागानला पोटाशी धरून उचलला. पाय सुटले, माणसे ओरडली, आता खाली आपटायचा एवढेच उरले. आणि तिथेच गिनिदचे मन त्या कुस्तीतून निघून गेले. एखादे काम होणार असे एकदा दिसले की त्याच्या लेखी ते झालेलेच असे. उरलेला भाग त्याला हमालीसारखा वाटे. हात सैल पडले. बुयागानची टाच त्याच्या गुडघ्यामागे बसली आणि गिनिद स्वतःच्या भातात तीन हात आत उताणा पडला. खुंटी त्याच्या कानापाशी ठोकली गेली.

दुसऱ्या जागीही तेच झाले. तिसऱ्या जागी बुयागानने पडलेल्या गिनिदच्या बरगडीत गुडघा घातला आणि आत काहीतरी मोडल्याचा आवाज काठावरच्यांनाही ऐकू गेला. चौथ्या जागी त्याने दंडाच्या जखमेत बोटे खुपसली. चारही खुंट्या गिनिदच्या भातात ठोकल्या गेल्या.

पाचव्या जागी त्याने बुयागानला पुन्हा उचलला. इम्माया काठावरून उतरून गुडघाभर चिखलात आली. तिचा आवाज फाटला होता.

"टेकला न्हाई त्यो आजून! गिनिद, आजून टेकला न्हाई!"

बुयागानने त्याच्या कानाचा लचका तोडला. गिनिदने सोडले नाही. त्याने त्याला आपटले, वर पडला, आणि तरीही सोडले नाही. खुंटी बुयागानच्या बाजूला ठोकून झाली, आपोने काठीने त्याच्या पाठीवर तीन फटके ओढले, खाली बुयागानचा खांदा निखळून हात उलटा लोंबू लागला, आणि तरी त्याची बोटे दोघा माणसांना एकेक करून उकलावी लागली.

"आरं झालं की!" आपो ओरडत होता. "झालं! सोड आता!"

झाले म्हणजे काय ते कसे ओळखायचे, हे गिनिदला चाळीस वर्षांत कोणी दाखवले नव्हते. त्याने बघितलेही नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बांधावर उभा राहिला आणि पहिल्या वावेपासून सातव्या वावेपर्यंत पाया खणायला सरसावला. इम्मायाने मुसळ त्याच्या पायांसमोर आडवे टाकले.

"हात पसर."

"काय?"

"दोनी हात पसर. बरगडी दुखतीया ती दुखू दे. येवढं. येवढंच उकरायचं एका दिसाला. ह्ये सांजंच्या आत वरपातूर आलं न्हाई तर पुढच्या जागंला हात लावशील त्यो हात ह्या मुसळानं मोडीन."

"आसं करत बसलो तर—"

"नऊ दिस हायती. सात वाव हाय. दोन दिस नदीवरनं धोंडं आनायला. मोज की बोटांवर. आता तरी मोज."

त्याने मोजले. हिशेब बरोबर येत होता. तो बरोबर येतो याचाच त्याला राग आला.

पहिले दोन दिवस नदीतून दगड वाहण्यात गेले. तिसऱ्या दिवशी एक वाव उभी राहिली. चौथ्या दिवशी दगडाखाली त्याचे बोट चेमटले. नख निघून आले. खाली बुयागान गळ्यात हात अडकवून, मांडीवर कोयता ठेवून बसून असे आणि दिवसभर बोलत असे.

"दमलास का रं? जा की. पिंजरं न्हाईत का विनायचं? आर्धं छप्पर वाट बघतंय बग. रताळ्याची येलं आनून देऊ का तुला लावाया? माझ्याकडं चांगली हायती."

"तुझा दुसरा खांदाबी हाय आजून," गिनिद म्हणे आणि दगड बसवे.

सहाव्या दिवशी वाटेवरून हाक आली. ते पडलेले झाड दुसरेच कोणी तोडून न्यायला निघाले होते. गिनिदला बुंध्याचा तुकडा हवा असेल तर आत्ताच यायला हवे. गिनिदने हातातला दगड खाली ठेवला. लाकूड खरोखरच चांगले होते. त्याने कपाळाचा घाम पुसला आणि वाटेला लागला. दहा पावले, बारा.

दगड त्याच्या मोडक्या बरगडीवर बसला. तो गुडघ्यावर आला आणि ओकला. मागे इम्माया दुसरा दगड हातात तोलत उभी होती.

"उघडा हाय," ती म्हणाली. "बांध उघडा हाय मागं."

खाली बुयागान हसायचा थांबला होता. गिनिद बराच वेळ तसाच हातापायांवर राहिला. मग रांगत मागे फिरला, आणि जो दगड खाली ठेवला होता तोच उचलला.

नवव्या दिवशी दुपारी ढग खाली उतरले. संध्याकाळ झाली तेव्हा एकच दगड उरला, माथ्याचा, दोन माणसांनी उचलायचा. बांधाला लावलेल्या माचीवर उभे राहूनही बरगडीमुळे गिनिदला तो छातीच्या वर उचलता येईना. तीनदा उचलला, तीनदा घसरला. तिसऱ्यांदा त्याची नडगी सोलली गेली. इम्माया वरून खेचत होती. धारेवर आपो झांज घेऊन पश्चिमेकडे बघत उभा होता.

बुयागान उठला. त्याने कोयता चिखलात रोवला, माचीवर चढून चांगला खांदा दगडाखाली घातला आणि दात खाऊन वर रेटला. दगड बसला. वरून झांज वाजली.

"तुझ्यासाठी न्हाई," बुयागान म्हणाला. "खाली माझं भात हाय."

रात्रभर आणि दुसरा सबंध दिवस पाऊस पडला. मनाई होती. सगळे आपापल्या छपराखाली हात मांडीवर टाकून बसले होते. मुंडके अर्धे तुटलेला राखणदार शिडीखाली भिजत होता. गिनिदने त्याच्याकडे पाहिले. इम्मायाने गिनिदकडे पाहिले. त्याने हात मांडीवरून हलवला नाही.

बांध उभा होता. पाणी त्याच्या मोऱ्यांतून शहाण्यासारखे वाहत होते. आयुष्यात गिनिदने पुरी केलेली ही पहिली गोष्ट. आणि ती चार जागी तीन-तीन हात आत सरकून, त्याने गमावलेल्या जमिनीला नीट कुंपण घालून, ती बुयागानला कायमची बहाल करत होती. त्या जमिनीवर त्याच्याच हातचे भात लोंब्यांनी वाकले होते.

पावसाआडून बुयागान खालून ओरडला. "बांध चांगला झालाय रं! लई आत झालाय, येवढंच!"

गिनिदने फाटक्या कानाला हात लावला.

"आत झालाय," तो ओरडला. "पर झालाय!"