माझ्या नावावर नको

माझ्या ताईच्या गाण्यांची खरोखर चोरी झाली होती, हे आधी सांगितलं पाहिजे. कारण पुढे लोकांनी तिलाच 'चोरांची वकील' म्हटलं. जीव ओतून केलेला तिचा अल्बम बाजारात यायच्या आधीच एका फुकट्या साइटवर अख्खाच्या अख्खा वाजत होता. त्या दिवशी ती स्टुडिओच्या जिन्यात बसून राहिली. मी तिचा धाकटा भाऊ, तिच्यामागे कीबोर्ड वाजवतो. समजूत घालायला गेलो, तर म्हणाली, "थांब जरा. आत्ता काही बोललास तर मला रडू येईल, आणि मला रडायचं नाहीये."

त्यामुळे म्युझिक कंपनीने चोरीविरुद्ध मोहीम उघडली, तेव्हा सगळ्यांत आधी होकार दिला तो ताईने. पोस्टरवर तिचा चेहरा लागला. कंपनीच्या ॲपमध्ये एक नवी सोय आली होती. ती चोरीची गाणी आपोआप ओळखते, एवढंच आम्हाला सांगितलं गेलं, आणि आम्हीही जास्त खोलात गेलो नाही.

मग एके दिवशी सकाळी चहा पिताना बाबांनी आपला फोन आमच्यासमोर सरकवला. बाबा बस चालवायचे. निवृत्त झाले, आई गेली, तेव्हापासून दिवसभर त्यांच्या कानात हेडफोन असतात.

"मी चोर आहे म्हणे," ते म्हणाले.

स्क्रीनवर लिहिलं होतं की या फोनमध्ये चोरीची गाणी सापडली आहेत, सबब खातं बंद करण्यात आलं आहे. ती 'चोरीची गाणी' म्हणजे ताईचा त्याच अल्बमच्या गाण्यांचा रियाज होता. ती आतल्या खोलीत गायची आणि बाबा स्वयंपाकघरात बसून गुपचूप रेकॉर्ड करायचे. मध्येमध्ये भांडी घासल्याचा आवाजही होता. मी हसायला लागलो. बाबा मात्र हसले नाहीत.

"खाली बघ," ते म्हणाले.

खाली तपासणीसाठी कंपनीकडे गेलेल्या बाकीच्या फायली होत्या. त्यांत आईचे निरोप होते, दवाखान्यातून बाबांना पाठवलेले. जेवलात का, गोळी घेतलीत का, असले. बाबांनी ते आम्हालाही कधी ऐकवले नव्हते.

ताईने फोन हातात घेतला. "हे त्यांनी ऐकलं?"

"मशीनने ऐकलं असेल," मी म्हणालो.

"कोणीही ऐकलेलं असो. बाबांना विचारलं होतं का?"

"एक बटण दाबायला लावलं होतं," बाबा म्हणाले. "ते दाबल्याशिवाय गाणंच लागत नव्हतं."

दुसऱ्या दिवशी ताई आणि मी कंपनीच्या ऑफिसात गेलो. कायदा विभागाच्या प्रमुख बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "चूक झाली, मॅडम. तुमच्या वडिलांचं खातं आत्ता सुरू करून देते."

"आणि ज्यांची मुलगी गायिका नाही, त्यांचं काय?" ताईने विचारलं.

बाई म्हणाल्या, "चोर शोधायचा तर डोकवावं लागतंच. नुकसान तुमचंच होतंय."

"होतंय ना. सगळ्यांत जास्त मलाच झोंबलंय. म्हणून माझं गाणं ऐकायला कोणी दार उघडलं, की तुम्ही आत शिरून त्याची कपाटं उचकायची? तेही माझ्या नावावर?"

"नाव मागे घेतलंत तर वरचे लोक नाराज होतील. पुढचा अल्बम रखडेल."

मी टेबलाखालून ताईच्या पायाला पाय लावला. माझंही पोट त्याच अल्बमवर होतं. तिने आपला पाय बाजूला घेतला.

"रखडू दे," ती म्हणाली. "आणि एक सांगा. माझा अल्बम फुटला, तेव्हा तो श्रोत्यांपर्यंत पोचलाच नव्हता. तो होता तुमच्या माणसांकडे आणि तुम्ही ज्यांना आगाऊ पाठवला त्यांच्याकडे. मग शोध श्रोत्यांच्या फोनमध्ये कशाला?"

मग ताईनेच उपाय सुचवला. पुढचं गाणं ज्याला ज्याला आगाऊ जाईल, त्याच्यासाठी ती शेवटची ओळ थोडी वेगळी गाईल. कुठे स्वर जरा जास्त लांबवायचा, कुठे एखादी हरकत, म्हणजे सुरांची छोटीशी गिरकी, घ्यायची. गाणं फुटलं, की कोणाकडून फुटलं ते ऐकूनच कळेल.

मोहिमेच्या कार्यक्रमाला मात्र ती ठरल्याप्रमाणे गेली. समोर पत्रकार, पहिल्या रांगेत इस्त्रीचा शर्ट घालून बाबा. लिहून दिलेलं भाषण तिने बाजूला ठेवलं. आईचा उल्लेखही केला नाही. एवढंच म्हणाली, "चोरी थांबलीच पाहिजे. पण ऐकणाऱ्याच्या फोनमध्ये चोरपावलांनी शिरायला मी माझा आवाज दिलेला नाही. आजपासून या पोस्टरवर माझा चेहरा नसेल." मी मागे कीबोर्डशी उभा होतो. तिचा आवाज एकदाही हलला नाही.

त्यानंतर बरेच दिवस वाईट गेले. कार्यक्रम रद्द झाले, नको नको ते ऐकावं लागलं. पण आणखी काही गायकांनीही पोस्टरवरून आपापले चेहरे काढून घेतले. आणि कायदा विभागाच्या त्या बाईंनी वरिष्ठांशी भांडून ताईचं एक गाणं तिच्या पद्धतीने आगाऊ पाठवलं.

ते फुटलंच. ताईने डोळे मिटून शेवटची ओळ ऐकली, पुन्हा एकदा ऐकली आणि म्हणाली, "ही हरकत मी जाहिरातवाल्यांना दिली होती."

कंपनीची जाहिरात करणाऱ्या संस्थेतलाच एक माणूस त्या साइटला गाणी पुरवत होता. तो पकडला गेला, साइट बंद पडली. अशा साइट अजून ढिगाने आहेत आणि ताईचा राग अजूनही गेलेला नाही. पण कंपनीला आता फोन उचकण्याचं कारण सांगता येईना. ती सोय ॲपमधून काढली गेली, जमा केलेले आवाज पुसले गेले. हे सांगायला त्या बाईंनी स्वतः फोन केला आणि शेवटी म्हणाल्या, "माझ्याही फोनमध्ये होतं ते ॲप."

ताईने बाबांना सगळं सांगितलं.

"तुझी आई असती, तर तिने अख्ख्या बिल्डिंगला सांगितलं असतं," ते म्हणाले.

मग उठले, चपला घातल्या आणि खाली गेले. संध्याकाळपर्यंत अख्ख्या बिल्डिंगला ते ठाऊक झालं होतं.