पटतं, पण का?

मी एक कार्ड बोलतोय. पत्त्यांच्या डावातलं नव्हे. माझ्यावर राजा-राणी नाही, एक वाक्य छापलंय: ‘आजारी माणसाची सेवा घरच्यांनीच करावी.’

आजारी माणसाला सांभाळणाऱ्यांची मतं अभ्यासणाऱ्या एका ताईंनी मला बनवलं. माझ्यासारखीच बरीच भावंडं होती, प्रत्येकावर वेगळं वाक्य. ताई घरोघरी जायच्या, टेबलावर एक तक्ता पसरायच्या. एका टोकाला ‘अजिबात पटत नाही’, दुसऱ्या टोकाला ‘अगदी पटतं’. लोक आम्हाला उचलायचे, वाचायचे आणि मध्ये कुठेतरी ठेवायचे. मी मात्र जवळजवळ प्रत्येक घरात ‘अगदी पटतं’वर जाऊन बसायचो. खोटं कशाला बोलू, मला त्याचा चांगलाच माज चढला होता.

ताईंनी आकडे काढले आणि खुशीत आपल्या सरांना दाखवले. सरांनी चष्मा वर सरकवला. “एवढं एकमत तर घरात भाजी कुठली करायची यावरही होत नाही. कार्ड कुठे ठेवलं ते कळलं. का ठेवलं, ते विचारलंत?”

ताईंचा चेहरा पडला. पण दुसऱ्याच दिवशी त्या मला घेऊन पुन्हा निघाल्या.

पहिलंच घर होतं अंथरुणाला खिळलेल्या एका आजींचं. त्यांची सून आणि जवळच राहणारी लेक, दोघी मिळून त्यांचं सगळं करायच्या. दोघींनीही मला ‘अगदी पटतं’वरच ठेवलं होतं.

लेकीशी ताई बाहेरच्या खोलीत वेगळं बोलल्या. ती म्हणाली, “आईचे केस विंचरताना ती जे बोलते ना, ते आयुष्यात कधी बोलली नव्हती. हे मी परक्या बाईला कशी देऊ?”

मग स्वयंपाकघरात सून. कमरेला पट्टा बांधून ती कणीक मळत होती. “पटतं म्हणून ठेवलं,” एवढंच म्हणाली. ताई गप्प राहिल्या. कणीक मळून झाली, तरी हात परातीतच होते.

“खरं सांगू? घाबरून ठेवलं. बाई लावली तर म्हणतील, सासू जड झाली. माझी कंबर कुणाला दिसते?”

माझा माज तिथेच उतरला. एकीनं मला मायेनं ठेवलं होतं, दुसरीनं धाकानं. आकड्यात मात्र दोघी सारख्याच.

ताई निघणार, तेवढ्यात आतून हाक आली. “अहो, माझ्याबद्दलच चाललंय ना सगळं? मग मला नाही का विचारायचं?”

अभ्यास सांभाळणाऱ्यांचा होता, आजींचा नव्हता. तरी ताई पलंगाशी बसल्या. आजींनी मला डोळ्यांजवळ धरून वाचलं आणि तक्त्याच्या पार दुसऱ्या टोकाला टाकलं. अजिबात पटत नाही!

“लेकीनं केस विंचरावेत, गप्पा माराव्यात. सुनेनं चहा घेऊन जवळ बसावं. पण अंघोळ घालणं, कपडे बदलणं... ते या पोरींनी केलं की मी लाजेनं जमिनीत जाते. त्याला पगारी बाई ठेवा. तिच्यावर खेकसता तरी येईल!”

दारात उभ्या असलेल्या सुनेला हसू फुटलं आणि डोळेही भरले. “मग इतके दिवस बोलला का नाहीत, आई?”

“तू एवढी खपतेस. नको म्हटलं तर तुला वाटायचं, सासू कामात खोट काढतेय.”

लेक दुसऱ्या दाराशी उभी होती. ती म्हणाली, “केस मात्र मीच विंचरणार.”

महिन्याभरानं ताई पुन्हा त्या घरी गेल्या, तेव्हा आजींचं खेकसणं जिन्यातच ऐकू आलं. नवी बाईही काही कमी नव्हती, तीही उलट उत्तरं देत होती. सून बाहेरच्या खोलीत पाठ टेकून निवांत बसली होती.

पुढे ताईंनी सगळ्याच घरी ‘का’ विचारलं आणि अभ्यास पहिल्यापासून लिहिला. नव्या संचात माझं वाक्य नाही. त्याच्या जागी दोन वेगळी वाक्यं आहेत, एक मायेचं, दुसरं धाकाचं. मी ताईंच्या खणात पडून असतो, कडा सुटलेल्या, एक कोपरा दुमडलेला.

जागा गेल्याचं दुःख नाही. एकच मागणं आहे. तुमच्या घरात कुणी प्रत्येक गोष्टीला ‘हो, पटतं’ म्हणत असेल, तर लगेच पुढच्या कामाला लागू नका. जवळ बसा, ‘का गं?’, ‘का रे?’ एवढंच विचारा. आणि मग कृपा करून, तुम्ही बोलू नका.