पिशवीतली केळी

बुऱ्हाणपूरच्या केळीवाल्या घरातली बाई रिकाम्या हातानं बाहेर पडेल होय? देडतलाईपलीकडच्या राखीव जंगलाच्या फाटकावर गाइड लोटूनं बजावलं, "खायचं काही आत न्यायचं नाही." मालतीबाईंनी मान डोलावली आणि पिकलेल्या केळ्यांची अख्खी फणी पिशवीत टॉवेलाखाली दडवली. पाच वर्षांच्या नातीला, हिमानीला, भूक निघत नाही ना. आणि असले नियम त्यांनी ढिगानं पाहिले होते.

डोंगर चढून उघडी जिप्सी नाल्याच्या वळणावर थांबली, तर समोर अस्वल.

"चूप बसा," लोटू पुटपुटला. "माणसाचा वास आला की वळून जातं."

ते वळलं नाही. नाक वर करून हुंगत हुंगत थेट गाडीकडं निघालं.

"असं कधी करत नाही हे," लोटू म्हणाला.

मालतीबाईंनी पिशवी पायांमागं सरकवली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. कारण काय ते त्यांना एकट्यांनाच ठाऊक होतं, पण जीभ उचलेना.

ड्रायव्हर जीवननं चावी फिरवली. इंजिन घरघरलं आणि बंद पडलं. त्यानं पुन्हा फिरवली. तोवर अस्वलाचे पुढचे पंजे हिमानीच्या बाजूच्या पत्र्यावर येऊन पडले. बोटाएवढी नखं. पोरगी आजीला चिकटली, तिला रडूही फुटेना.

गेली लाज खड्ड्यात! मालतीबाईंनी फणी उपसून काढली आणि होता नव्हता तेवढा जोर लावून झाडीत भिरकावली. अस्वल उतरून तिकडं धावलं. तेवढ्यात गाडी चालू झाली.

बरंच पुढं गेल्यावर त्यांनी नातीच्या तोंडावरून हात फिरवला. "चुकलं माझं, भाऊ," त्या लोटूला म्हणाल्या. "पण पोर वाचली. केळ्यांनीच वाचली."

"केळ्यांनीच आलं होतं ते."

लोटू रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

"आता त्याला कळलं, माणसाजवळ खायला मिळतं," तो म्हणाला. "माझी बायको, भागाबाई, रोज सकाळी याच नाल्यात मोहफुलं वेचायला येते. पायी येते, टोपली घेऊन."

मालतीबाई पुढं झुकल्या. "तिला सांगा ना, काही दिवस येऊ नको म्हणून."

लोटूनं मागं वळून पाहिलं.

"किती दिवस सांगू, बाई?"