दुसऱ्या कंपनीचे दात

"लोकल माल माझ्या शेडमध्ये उघडायचा नाही," असं बाबा म्हणेपर्यंत आत्याने खोक्याची पट्टी कापलीसुद्धा होती.

आतून तेलकट कागदात गुंडाळलेली क्राउन-पिनियनची जोडी निघाली. क्राउन म्हणजे मागच्या ॲक्सलमधलं ताटाएवढं दातेरी चाक, आणि पिनियन म्हणजे त्याला फिरवणारा, मुठीएवढ्या डोक्याचा दांडा. इंजिनाचा सगळा जोर या दोघांच्या दातांमधून चाकांकडे जातो. आत्याच्या गाडीच्या पिनियनचे दात डोंगराच्या चढावर तुटले होते. ती उंच, चारही चाकांनी ओढणारी जुनी गाडी घेऊन आत्या रोज वरच्या वस्तीतल्या दवाखान्यात नर्सबाईंना आणि औषधांची खोकी पोहोचवायची. गाडी बसल्यापासून फेरी बंद होती. "सोमवारपर्यंत वाट बघतो, मग ट्रॅक्टरवाल्याला सांगतो," असं डॉक्टरांनी कळवलं होतं.

"ओरिजिनल मिळेपर्यंत गाडी उभी राहील," बाबा म्हणाले.

"कंपनीने हा गिअर बनवणंच बंद केलंय, दादा. तो काय झाडाला लागतो?"

"शोधतोय ना मी."

"तू शोधत बस. तोवर ट्रॅक्टरवाला माझी फेरी घेऊन पार होईल."

"लोकल म्हणजे लोणी असतं लोणी. दोन चढ चढलं की वितळलं."

"मग परवा त्या बेकरीवाल्याच्या गाडीला क्लचप्लेट कुठली घातलीस? तेव्हा नाही आठवला ओरिजिनल?"

बाबांनी हात पुसायचं फडकं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर टाकलं. "त्याची गाडी सपाटीवर फिरते."

"म्हणजे अडचण गिअरची नाही, डोंगराची आहे. ताकाला जाऊन भांडं का लपवतोस?"

शेडमध्ये कॉम्प्रेसर चालू होता. बाबांनी तो बंद केला.

"दात तुटले तेव्हा गाडी मागे घसरली होती. दरीच्या बाजूला," ते म्हणाले. "हे मला तू नाही सांगितलंस. नर्सबाईंनी सांगितलं."

"घसरली. आणि मी थांबवली. हे नाही सांगितलं त्यांनी?"

बाबा खुर्ची ओढून दारात बसले. "करा काय करायचं ते. मी हात लावणार नाही. आमच्या शास्त्रज्ञबाई आहेतच मदतीला."

शास्त्रज्ञबाई म्हणजे मी. फिजिक्समध्ये पदवी घेतल्यापासून घरात माझं हेच नाव पडलं आहे. मी आधी जुन्या आणि नव्या जोडीचे दात मोजले. चारही चाकांनी ओढणाऱ्या गाडीत पुढचा आणि मागचा ॲक्सल एकाच प्रमाणात फिरावा लागतो, नाहीतर दोन्ही एकमेकांशीच भांडतात. दात जुळत होते. मग मी नव्या दातावर कानस घासून बघितली. जुन्या दातावर घसरली तशीच ती नव्यावरूनही घसरली. लोणी नव्हतं एवढं नक्की. पण कानशीने वरची कातडी कळते, आतला गाभा कळत नाही. हे मी आत्याला सांगून टाकलं.

"गाभा कशाने कळतो?"

"कापून बघितलं तर. किंवा वापरून."

"मग वापरूनच बघू," म्हणत तिने बाह्या वर केल्या.

पिनियनच्या डोक्यामागे बेअरिंगखाली शिम बसते. शिम म्हणजे पत्र्याची पातळ चकती. पिनियन किती आत जाऊन क्राउनला भिडणार, हे तिच्या जाडीवर ठरतं. आमच्या शेडची एक रीत आहे: जी शिम निघाली तीच परत घालायची. इतक्या वेळा ती घालताना बघितली होती की त्यावर विचार करावा असं आम्हा दोघींना वाटलंसुद्धा नाही. जुनी शिम पुसली, घातली, वर बेअरिंग दाबलं, जोडी बसवली. मग क्राउनच्या काही दातांना पिवळी पेस्ट फासली आणि चाकं हाताने फिरवली. दात एकमेकांना जिथे घासतात तिथली पेस्ट निघून जाते. तो डाग दाताच्या मधोमध पडायला हवा.

डाग दाताच्या वरच्या काठाला पडला होता.

बाबा खुर्चीवरून उठून आले. वाकून बघितलं. "काठावर चावतंय. आठ दिवसांत परत तुकडे. मी काय म्हणत होतो? लोकल."

आत्याने हातातला पाना खाली ठेवला. नेहमी टाकते तसा टाकला नाही, ठेवला. त्यावरून मला कळलं की ती खचली. मला मात्र बाबांच्या त्या 'लोकल'चा राग आला. डाग दात कुठे भेटतात एवढंच सांगतो, ते कोणत्या कारखान्यात बनले हे सांगत नाही. मी क्राउन फिरवून पेस्ट लावलेला एकेक दात बॅटरीच्या उजेडात बघितला.

"दात वेडेवाकडे कापलेले असते तर डाग इथे एक, तिथे दुसरा असा पडला असता," मी म्हणाले. "हा सगळीकडे सारखाच आहे. पिनियन क्राउनपासून लांब उभा आहे, एवढंच. शिम पातळ पडतेय."

"शिम कशी पातळ पडेल? त्याच गाडीची आहे ती," बाबा म्हणाले. "पंचवीस वर्षं मी जुनीच शिम घालतोय. एकदाही चुकलं नाही."

आत्याने पाना उचलला. "कारण पंचवीस वर्षं तू एकाच कंपनीचा पिनियन घालतोयस! या पिनियनचं डोकं त्याच्यापेक्षा बसकं असेल. नाचता येईना अंगण वाकडं. शिम आपली चुकली आणि शिव्या गिअरला!"

शिम बदलायची तर दरवेळी दाबून बसवलेलं बेअरिंग ओढून काढायचं, आणि असं दोन-चारदा काढलं की बेअरिंगच खराब. आत्याने भंगारातून जुनं बेअरिंग काढलं आणि त्याचं भोक आतून पॉलिशपेपरने घासायला घेतलं. दुपारचं जेवण बाजूला राहिलं. शेवटी ते पिनियनवर हाताने सरकायला लागलं. आता हवं तितक्या वेळा काढा, घाला. जाड शिम घातली, डाग खाली सरकला. आणखी जाड घातली, तो जास्तच खाली, दाताच्या मुळाशी गेला. मग दोन्हींच्या मधली.

"प्ले बघितला का?" बाबा दारातून ओरडले. प्ले म्हणजे दोन दातांमधली मोकळीक. ती नसली तर गिअर तापून जाम होतात.

"बघितला. तू हात लावणार नव्हतास ना?"

"हात कुठे? तोंड लावतोय."

डाग मधोमध आला तेव्हा आत्याने बाबांना बोलावलं नाही. ते आपणहून आले, बराच वेळ बघत राहिले, आणि नवीन बेअरिंगचं खोकं तिच्या हाताशी सरकवून परत जाऊन बसले. तो होकार होता असं मी म्हणणार नाही.

नव्या गिअरला एकदम डोंगर दाखवायचा नसतो. रविवारभर आम्ही सपाट रस्त्यावर रिकामी गाडी हळूहळू चालवली, थांबवली, गार होऊ दिली, पुन्हा चालवली. प्रत्येक थांब्याला आत्या गाडीखाली जाऊन ॲक्सलच्या मधल्या, ही जोडी बसवलेल्या गोळ्यावर तळवा ठेवायची. गरम होता, पण हात टिकत होता. संध्याकाळी तेल बदललं.

सोमवारी सकाळी नर्सबाई मागे खोक्यांशेजारी बसल्या, मी पुढे. बाबा गाडीच्या बरोबर समोर उभे होते.

"ओरिजिनल शोधून देतो म्हणालो होतो ना मी."

"दे. सापडला की बदलू. तोवर ही चालेल."

"आणि वर मोडली तर?"

"मोडली तर उघडीन. आता येतं मला. बाजूला हो, दादा."

"मला भीती वाटते, कळतंय का तुला?"

"कळतंय," आत्या म्हणाली. "पण तुला भीती वाटते म्हणून मी घरी बसायचं, हे नाही चालणार. बाजूला हो."

ते झाले बाजूला. अगदी हळू, दोनच पावलं. आत्याला आरसा वाचवत गाडी काढावी लागली.

चढ सुरू झाल्यावर मी कान लावून बसले. जोर लागत असताना गिअर गप्प होते. पण वळणावर तिने पाय काढला की मागून एक बारीक गुणगुण यायची. जुन्या जोडीची येत नसे.

"आत्या, हा आवाज..."

"येतोय. मलाही येतोय ऐकू." तिने खालचा गिअर टाकला. "वर पोहोचल्यावर बघू त्याच्याकडे."

पुढे गाडी घसरली होती ती जागा आली. दगडावर रबराचा काळा पट्टा अजून होता. आत्याने वेग वाढवला नाही, कमीही केला नाही. नर्सबाईंनी खोकी घट्ट धरली, आणि चारही चाकांनी त्या पट्ट्यावरून गाडी वर ओढून नेली.