तोफेचे मागणे

मी एक जुनी तीनचाकी सायकल आहे, मित्रांनो. माझ्या लाल रंगाचे पोपडे निघाले आहेत आणि उजवे चाक कुरकुरते. पण कारखान्यातून नवीकोरी निघाले तेव्हा माझा तोरा काही औरच होता. बालवाडीच्या अंगणात मला उतरवले, तर पोरांची अशी झुंबड उडाली की मावशींनी मला तासभर कपाटाआड लपवून ठेवले.

मी एकटी आणि पोरे बावीस. म्हणून बाईंनी एकच नियम केला. बसलेल्याने आपणहून उतरायचे. कुणी ओढायचे नाही, हवे असेल तर तोंडाने मागायचे. तेव्हापासून मी मागण्याच्या नाना तऱ्हा ऐकल्या. अगदी लहान मुले नुसते "दे" म्हणत. थोडी मोठी झाली की घरून "प्लीज" शिकून येत आणि त्यांना वाटे, कुलपाची किल्लीच सापडली.

तोफ त्यांतलीच. चार वर्षांची, आवाज खणखणीत, म्हणून मावशींनी ठेवलेले हे नाव. प्लीज म्हटले की बिस्कीट मिळते, असे तिच्या आजोबांनी शिकवले होते आणि आजोबांकडे ते मिळतही होते.

एक दिवस माझ्यावर एक मुलगा बसला होता. तो शाळेत नवा. पंधरा दिवसांत एक शब्द बोलला नव्हता, म्हणून मावशींनी त्याचे नाव गुपचूप ठेवले होते. माझे हँडल घट्ट धरून अंगणात फिरायचे, एवढाच त्याला आधार. तोफ समोर उभी राहिली आणि म्हणाली, "प्लीज." तो उतरला नाही. मग तिने तीनदा प्लीज म्हटले, मग दहा वेळा, दर वेळी आणखी मोठ्याने. तो हँडलवर वाकत चालला. शेवटी तिने माझ्या चाकाला पाय लावून मला अडवले आणि बाईंकडे तक्रार केली की दहा वेळा म्हटले, तरी हा देत नाही.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "मागताना त्याच्या तोंडाकडे पाहिलंस का?"

तोफेने पाहिले नव्हते. आता पाहिले. गुपचूपचे डोळे भरून आले होते. मला वाटले, आता तोफ रडणार किंवा मला ओढणार. तिने दोन्ही केले नाही. पाय काढून घेतला, त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि हळूच म्हणाली, "तुझं झालं की मला देशील? नाही झालं तर मी थांबते."

प्लीज त्यात नव्हतेच. पण इतके गोड मागणे मी जन्मात ऐकले नव्हते. आणि ती खरेच थांबली. एक फेरी झाली, दुसरी झाली. तिसऱ्या फेरीला गुपचूप तिच्यापाशी आला, माझ्या मागच्या फळीवर थाप मारली आणि म्हणाला, "मागे बस."

मावशींच्या हातातली बादली हातातच राहिली. पोर बोलले होते! त्या दोघांना घेऊन मी अशी सुसाट पळाले की माझी कुरकुर मलाच गाण्यासारखी वाटली. त्या दिवशी मी जिंकले, तोफ जिंकली आणि गुपचूप तर सगळ्यांत जास्त जिंकला.

दुसऱ्या दिवशी सगळी पोरे उकिडवी बसून मागू लागली. जादू उकिडवे बसण्यात आहे, असे त्यांना वाटले. असू दे, तीही शिकली हळूहळू.

आता माझे वय झाले. उजव्या चाकाला तेल हवे आहे. मित्रांनो, तुमचा खेळ झाला की दोन थेंब द्याल का? नाही झाला तर मी थांबते.