तिसऱ्या दिवशीचा पारा

मित्रांनो, मी एक जुना पाऱ्याचा रक्तदाबमापक आहे. लोक मला बीपीचं मशीन म्हणतात. लोखंडी पेटी, काचेची उभी नळी, कापडी पट्टा आणि हवा भरायचा रबरी फुगा, एवढाच माझा संसार. कारखान्यातून निघालो तो थेट आंबेगाव तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात आलो. शिनोलीच्या, घोडेगावच्या, पार डोंगराकडच्या कितीतरी गरोदर बायांच्या दंडाला माझा पट्टा बांधला गेला. "हे मशीन कधी खोटं बोलत नाही," असं डॉक्टर म्हणायचे, तेव्हा मला फार बरं वाटायचं.

पुढे बटण दाबताच आकडे दाखवणारी यंत्रं आली. मी कपाटावर गेलो. माझ्यावर धूळ बसली.

एका सकाळी प्रज्ञा सिस्टरांनी मला खाली काढलं. नवं यंत्र दुसऱ्या खोलीत गुंतलं होतं. समोर आरफा नावाची बाळंतीण घरी निघायच्या तयारीत बसली होती. मुलगी होऊन तिसरा दिवस. नऊ महिने तिचं बीपी अगदी चांगलं होतं. रिक्षा फाटकाशी उभी होती आणि तिची आई जैबुन्निसा पिशव्या भरत होती.

"आता कशाला मोजता, सिस्टर? पोरगी झाली की सुखरूप," जैबुन्निसा म्हणाली.

"आकडा लिहिल्याशिवाय मी सोडत नाही, मावशी. आरफा, काही त्रास होतोय का?"

"डोकं लई दुखतंय कालपासनं," आरफा हळूच म्हणाली. "डोळ्यांपुढं चमकल्यावानी व्हतंय. पाय बी सुजल्यात."

"जागरणानं असंल. पाय तर माझे बी सुजायचे," आई म्हणाली.

सिस्टरांनी कानाला स्टेथोस्कोप लावून फुगा दाबला, मग हवा हळूहळू सोडली. पारा खाली येऊ लागला आणि एकशे सत्तरवरच त्यांना पहिला ठोका ऐकू आला. थोडं थांबून पुन्हा मोजलं. पुन्हा एकशे सत्तर, खालचं एकशे बारा.

आरफाचा नवरा दानियाल दारातून म्हणाला, "सिस्टर, घरी समदे वाट बघत्यात. उद्या आणतो की दाखवायला."

"उद्यापर्यंत थांबायचं नाही, भाऊ. बाळंतपणानंतरही बीपी चढतं. तिला झटके येऊ शकतात. जिवावर बेतू शकतं."

दानियाल आरफाच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. मग बाहेर जाऊन त्याने रिक्षा परत पाठवली.

डॉक्टर धावत आले. बीपी उतरवायचं इंजेक्शन दिलं, झटके येऊ नयेत म्हणून दुसरं दिलं. दर पंधरा मिनिटांनी माझा पट्टा बांधला जात होता. मित्रांनो, पारा माझ्या पोटात असतो, पण तो उतरवणं माझ्या हातात नसतं. मी फक्त खरं सांगू शकतो. जैबुन्निसा बाळाला छातीशी धरून माझ्या नळीकडे बघत होती. दुपारी पारा एकशे चाळीसवर आला, तेव्हा ती भिंतीला टेकून खाली बसली आणि रडली.

सहा दिवसांनी गोळ्या घेऊन आरफा घरी गेली. पुढच्या आठवड्यात तपासायला आली, तेव्हा डोकं दुखायचं थांबलं होतं. तिचं झाल्यावर जैबुन्निसानं आपलीच बाही वर सारली.

"सिस्टर, माझं बी बघा. पाच बाळंतपणं झाली, पन ह्यो पट्टा कुनी कधी बांधलाच न्हाई."

प्रज्ञा सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी पट्टा नीट गुंडाळला. त्या हातांचे माझ्यावर फार उपकार आहेत. धूळ पुसून त्यांनी मला पुन्हा कामाला लावलं आणि मी सांगितलेलं मनावर घेतलं.

मित्रांनो, घरात बाळ आलं की सगळे त्याला बघायला धावतात. तुम्हीही धावा. पण आधी त्याच्या आईजवळ जा आणि विचारा, "तुझं डोकं दुखत नाही ना?" ती हो म्हणाली, तर कुणालाही "उद्या" म्हणू देऊ नका.